वर सरकणारी रेषा : मज्जारज्जूच्या इजेनंतर साठणारे पाणी

आंब्याच्या झाडावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडून, अथवा रस्त्यावरील अपघातात ज्यांच्या मज्जारज्जूला इजा होते, त्यांच्या शरीरावर एक अदृश्य रेषा उमटते. रेषेच्या वर संवेदना शाबूत असते आणि खाली बधिरता. इजा दहाव्या वक्षीय (छातीच्या भागातील) पातळीवर असेल तर ही रेषा बेंबीच्या आसपास असते, चौथ्या पातळीवर असेल तर स्तनाग्रांजवळ. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत थोडीफार सुधारणा झाल्यास ती खाली सरकते आणि मग स्थिरावते. माणूसही व्हीलचेअर, कॅथेटर (लघवीची नळी), नोकरी किंवा दुकान यांची घडी बसवतो. काही जणांच्या बाबतीत मात्र बऱ्याच वर्षांनी ही रेषा वर सरकू लागते.

त्यामागे पुष्कळदा मज्जारज्जूत तयार झालेली, द्रवाने भरलेली लांबट पोकळी असते. ‘कण्यात पाणी झाले’ असे नातेवाईक सांगतात, पण हे पाणी हाडांत किंवा मणक्यांच्या गादीत नसते. करंगळीएवढ्या जाडीच्या मज्जारज्जूच्या आत ते साठलेले असते. या विकाराला सिरिंगोमायलिया म्हणतात. हे नाव ऑलिव्हिए द’आंजे या फ्रेंच वैद्याने १८२७ च्या सुमारास रूढ केले. ग्रीक भाषेत ‘सिरिंक्स’ म्हणजे पावा, पोकळ नळी. इंजेक्शनची सिरिंजही याच शब्दाच्या कुळातली.

ही पोकळी का होते हे समजण्यासाठी मेंदू आणि मज्जारज्जू ज्यात तरंगतात त्या मेरुद्रवाकडे पाहावे लागते. एका वेळी शरीरात हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो, पण दिवसभरात जवळजवळ अर्धा लिटर नवा तयार होतो आणि जुना शोषला जातो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो मज्जारज्जूभोवती थोडा खाली-वर हलतो. इजेच्या जागी रक्तस्राव आणि सूज येऊन गेल्यावर मज्जारज्जूवरचे जाळीसारखे नाजूक आवरण व्रणामुळे आजूबाजूला चिकटते आणि द्रवाची वाट अडते. खोकताना, शिंकताना किंवा कुंथताना पोटातला व छातीतला दाब वाढून कण्याच्या नळीतील शिरा फुगतात आणि द्रवाला एकदम धक्का बसतो. मोकळ्या वाटेने तो धक्का ओसरला असता. अडथळ्यापाशी मात्र त्याचा जोर मज्जारज्जूवर पडतो. इजेमुळे मऊ झालेल्या भागात आधीच लहानशी पोकळी असते आणि रक्तवाहिन्यांभोवतीच्या सूक्ष्म फटींतून तिच्यात द्रव झिरपत राहतो. पोकळीतला द्रव दाबाखाली डचमळून तिची टोके लांबवत नेतो, असा विचार बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश शल्यविशारदांनी मांडला होता. द्रव आत कसा शिरतो, यावर अजूनही शास्त्रज्ञांचे पूर्ण एकमत झालेले नाही.

पोकळी वाढली की पहिली तक्रार बहुधा वेदनेची असते. मान, खांदा किंवा हात दुखतो आणि खोकल्याने कळ उठते. संवेदना मात्र एका विलक्षण क्रमाने जाते. वेदना आणि उष्णतेचे संदेश वाहणारे तंतू मज्जारज्जूत शिरताच मधल्या नलिकेच्या पुढून पलीकडच्या बाजूला जातात, म्हणून मधोमध वाढणारी पोकळी आधी त्यांनाच तोडते. स्पर्शाचे तंतू मागच्या बाजूने सरळ वर जातात आणि ते बराच काळ वाचतात. त्यामुळे चहाचा पेला हातात धरल्याचे कळते, तो पोळतो आहे हे कळत नाही. बोटांवर कारण न आठवणारे फोड दिसले, तर विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच.

इजा झालेल्यांपैकी साधारण तीन-चार टक्के लोकांना याचा त्रास होतो; एमआरआय केला तर पोकळी त्याहून बऱ्याच जास्त जणांत दिसते. इजेनंतर काही महिन्यांत ती होऊ शकते, तशीच तीस वर्षांनीही. घोळ इथेच होतो. चाके ढकलून खांदे झिजलेले असतात, मनगटातली नस दबलेली असू शकते, आणि हाताची पकड सैल झाली की दोष त्यांच्यावर जातो. ‘जुन्या इजेचेच दुखणे’ हे उत्तर तर सर्वांत सोपे. पण जुनी इजा वर चढत नाही. हातातली नवी अशक्तता, अंगाचे वाढलेले आचके, एकाच बाजूला येणारा घाम किंवा लघवीच्या सवयीतला बदल यांपैकी काही दिसले तर एमआरआय करून घ्यावा. कण्यात बसवलेल्या धातूमुळे चित्र धूसर आले तर मेरुद्रवात रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन करता येतो.

पोकळी दिसली तरी त्रास वाढत नसेल, तर बहुतेक वेळा शस्त्रक्रिया न करता ठरावीक काळाने तपासणी केली जाते. दरम्यान कुंथावे लागू नये म्हणून बद्धकोष्ठता आटोक्यात ठेवणे, व्हीलचेअरवरून पलंगावर सरकताना श्वास न रोखता सोडत जोर लावणे, जड वजन टाळणे आणि आंघोळीचे पाणी संवेदना शाबूत असलेल्या जागी पारखून घेणे एवढे करता येते. सहाव्या वक्षीय पातळीवर किंवा तिच्या वर इजा असणाऱ्यांनी एक धोका ओळखायला हवा : अचानक डोके ठणकणे, चेहरा लाल होणे आणि रक्तदाब चढणे. अशा वेळी ताबडतोब ताठ बसवावे, कपडे सैल करावेत, कॅथेटरची नळी मुडपली आहे का ते पाहावे आणि दाब उतरेना तर रुग्णालय गाठावे.

ताकद कमी होत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. चिकटलेले आवरण सोडवून द्रवाची वाट मोकळी करतात, किंवा पोकळीतून बारीक नळी काढून द्रवाला दुसरीकडे वाट देतात. नळी काही वर्षांत बुजू शकते आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. बिघाड थांबवणे हाच मुख्य हेतू. वेदना आणि ताकद कधी सुधारतात, गेलेली संवेदना परतणे त्यामानाने कठीण. डॉक्टर भेटण्यापूर्वीच हे मनाशी स्पष्ट असलेले बरे.

शरीराच्या साध्या रेखाचित्रावर दर सहा महिन्यांनी, थंड चमच्याचा स्पर्श कुठपर्यंत थंड लागतो ती रेषा तारखेसह आखून ठेवावी. हे घरच्या माणसाला जमते, आणि पुढच्या वेळी तज्ज्ञासमोर ‘वाटते की वाढले आहे’ असे म्हणण्याऐवजी तो कागद ठेवता येतो.