कार्यस्थळातील जिज्ञासा

नेमून दिलेले काम असेच का करायचे, दुसऱ्या रीतीने होईल का, अपेक्षेपेक्षा वेगळे काही घडले तर ते कशामुळे, हे जाणून घेण्याची नोकरदार माणसाची ओढ म्हणजे कार्यस्थळातील जिज्ञासा. तिला वाव देण्याच्या पद्धतींचा विचार व्यवस्थापनशास्त्र आणि औद्योगिक मानसशास्त्र या दोन्हींत होतो.

फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मध्ये मांडलेल्या शास्त्रीय व्यवस्थापनात या ओढीला फारशी जागा नव्हती. कामाची उत्तम रीत व्यवस्थापकांनी शोधायची आणि कामगारांनी ती पाळायची, अशी ती विभागणी होती. जपानमधील टोयोटा कंपनीने वेगळी वाट धरली. तेथे दोष दिसताच कामगार दोरी ओढून मदत मागवू शकतो, प्रसंगी उत्पादनही थांबते. मग ‘का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारला जातो. टोयोटातील अभियंते ताइइची ओनो यांनी याचे दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. यंत्र बंद पडले, कारण जादा भाराने फ्यूज उडाला. भार वाढला, कारण बेअरिंगला वंगण कमी पडले. वंगण कमी, कारण पंप पुरेसे खेचत नव्हता. पंपाचा दांडा झिजला होता. आणि तो झिजला, कारण गाळणी नसल्याने धातूचा कीस आत शिरत होता. पहिल्याच उत्तरावर थांबले असते तर नुसता फ्यूज बदलला गेला असता.

जॉर्ज लोवेनस्टाइन यांच्या १९९४ मधील मांडणीनुसार, आपल्याला ठाऊक असलेले आणि ठाऊक व्हावेसे वाटणारे यांतली फट जाणवली की जिज्ञासा जागी होते. म्हणजे विषयाची थोडी तरी माहिती आधी हवी. नवख्या माणसाला ‘काही शंका?’ असे विचारल्यावर तो गप्प बसतो, यामागे नेहमी भीतीच असते असे नाही.

भीतीचा वाटा मात्र मोठा आहे. एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात एक कोडे पडले: चांगल्या चमूंमध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसत होत्या. तेथे चुका अधिक होत नसून त्यांविषयी मोकळेपणाने बोलले जाते, हा अर्थ त्यांनी लावला. १९९९ मध्ये त्यांनी चमूतील ‘मानसिक सुरक्षितता’, म्हणजे प्रश्न विचारला किंवा चूक कबूल केली तरी कमीपणा येणार नाही हा विश्वास, ही संकल्पना विस्ताराने मांडली.

मोकळा वेळ देणे हा दुसरा मार्ग. थ्रीएम कंपनीत १९४८ पासून तंत्रज्ञांना १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी वापरता येतो. स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये तेथे एक हलका चिकटणारा गोंद सापडला, पण त्याचा उपयोग काय, हे बराच काळ कोणालाच उमगले नाही. १९७४ मध्ये तेथलेच आर्ट फ्राय यांनी तो प्रार्थनागीतांच्या पुस्तकातल्या खुणेच्या कागदांना लावून पाहिला आणि १९८० मध्ये चिकटचिठ्ठ्या अमेरिकेत सर्वत्र विक्रीला आल्या. गूगलच्या ‘२० टक्के वेळे’चाही गाजावाजा बराच झाला. अशा सवलती जाहीर करणे सोपे असते. मुदत जवळ आली की पहिला घाला त्यांच्यावरच पडतो. त्या मानाने बैठकीत कनिष्ठाच्या अडचणीच्या प्रश्नाला वरिष्ठ काय उत्तर देतात, याला खर्च शून्य आणि परिणाम अधिक.

विमान उड्डाण किंवा शस्त्रक्रिया चालू असताना स्वतःहून नवे प्रयोग करणे धोक्याचे असते. शंका घेण्याला मात्र तेथेही मज्जाव नाही. अमेरिकेत १९७६ पासून नासा चालवत असलेल्या हवाई सुरक्षा नोंद यंत्रणेत वैमानिक, हवाई वाहतूक नियंत्रक आणि इतर कर्मचारी आपल्याला खटकलेले प्रसंग कळवतात. कळवणाऱ्याची ओळख काढून टाकूनच त्या नोंदी अभ्यासासाठी खुल्या केल्या जातात.