हडसन्स पाडलं, त्याआधीची पंधरा वर्षं

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर आज जो काचेचा टॉवर उभा आहे, त्याला तिथल्या 'हडसन्स' या जुन्या बहुमजली दुकानाचंच नाव दिलंय. त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं, जुनी इमारतच डागडुजी करून वापरात आणली असावी. तसं नाही. जुनी इमारत २४ ऑक्टोबर १९९८ रोजी, शनिवारी संध्याकाळी पावणेसहाला सुरुंग लावून पाडली. नव्या बांधकामाची कुदळ पडली ती डिसेंबर २०१७ मध्ये. मधली एकोणीस वर्षं लोक त्या ठिकाणाला 'हडसन्सची जागा' म्हणत होते.

१८८१ मध्ये सुरू झालेलं हे दुकान १८९१ पासून या कोपऱ्यावर होतं. ऐन भरात तिथे बारा हजार माणसं कामाला होती आणि दिवसाला लाखभर गिऱ्हाईक यायचं. कपडे घालून बघायच्या खोल्याच सातशेवर होत्या.

इमारत किती मजली होती, हा प्रश्न साधा वाटतो, पण आकडे जुळत नाहीत. सर्रास पंचवीस सांगतात. पाडणाऱ्या कंपनीने तळघरं, पोटमाळे धरून तेहतीस पातळ्या मोजल्या. घोळाचं कारण असं, की ती एक इमारत नव्हतीच. शेजारची जागा मिळेल तसतसे १९४६ पर्यंत तुकडे जोडत नेलेले. बाहेरून लाल विटांचा एकसंध डोंगर, आत एकमेकांना टेकलेले, वेगवेगळ्या वेळी बांधलेले सांगाडे. हा तपशील लक्षात ठेवायचा, कारण पुढे 'एवढं मोठं धूड कोण वापरणार?' हाच पाडण्याच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा ठरला.

दुकानाला उपनगरांनी मारलं असं म्हणतात. ते खरं, पण अर्धंच. १९५४ मध्ये शहराबाहेर नॉर्थलँड हे प्रचंड खरेदी संकुल उघडलं, ते खुद्द याच कंपनीने. गिऱ्हाईक पळवणारा परका नव्हता. १९५० मध्ये साडेअठरा लाखांची असलेली शहराची लोकसंख्या पुढे घसरतच गेली. १९६९ मध्ये कंपनी मिनेसोटातल्या एका साखळीत विलीन झाली. १७ जानेवारी १९८३ ला वुडवर्डवरचं दुकान बंद झालं.

बंद झालं म्हणजे पडायला आलं, असं मुळीच नव्हतं. खरी हेळसांड यानंतरची. कंपनीची कार्यालयं काही काळ वर चालू होती, तीही गेली. मग मालकी बदलली आणि इमारत वाऱ्यावर सोडल्यासारखी झाली. भंगारवाले आत शिरू लागले. तांब्याच्या तारा, नळ, पितळी सामान, जे उपटता येईल ते गेलं. गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं हात लावून गुळगुळीत केलेलं पितळ किलोवर विकलं गेलं. छताची आणि खिडक्यांची निगा राखणारं कुणी उरलं नाही, की मग पाणी आपलं काम करतं. नव्वदच्या दशकात 'इमारत मोडकळीला आली आहे' असं अधिकारी सांगत होते, ते खोटं नव्हतं. ती तशी होऊ कुणी दिली, हे मात्र त्या वाक्यात येत नव्हतं.

पाडण्याच्या बाजूचं म्हणणं थोडक्यात असं: सुमारे बावीस लाख चौरस फूट जागेला भाडेकरू मिळणार नाही, पडीक इमारत आजूबाजूच्या जागांचेही भाव पाडते, आणि मोकळा प्लॉट दिसला की विकासक येईल. जतनाची बाजू घेणाऱ्यांचा याला विरोध होता. पहिल्या दोन मुद्द्यांत तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. तिसरा मात्र निव्वळ आशा होता. प्लॉटवर काय उभं राहणार, हे पाडताना ठरलेलं नव्हतं. आणि सांगाडे वेगवेगळे होते, तर त्यातला एखादा राखून बाकीचे उतरवणं फारच अवघड होतं का? मला तरी ते पटत नाही.

सुरुंग भरायलाच चोवीस दिवस लागले. २,७२८ पौंड स्फोटकं, अकराशे ठिकाणी मिळून चार हजारांवर सुरुंग. काही सेकंदांत सगळं खाली आलं. धुळीचा लोट बघ्यांच्या अंगावर गेला आणि शेजारून जाणाऱ्या उन्नत रेल्वेच्या मार्गाचं नुकसान होऊन तिची पूर्ण फेरी बरेच महिने बंद राहिली.

त्या जागी भूमिगत वाहनतळ झाला. 'पुढे मागे वर इमारत येईल' म्हणून त्याचे लोखंडी खांब जमिनीच्या वर काढून ठेवले होते. येणारे-जाणारे वर्षानुवर्षं ते बघत गेले. अखेर टॉवर आला, ६८१ फूट उंच, पण या खांबांवर नाही. त्यासाठी आधी तो वाहनतळच फोडून काढावा लागला.