गोयास एवढं शांत का आहे? आधी सोनं गेलं, मग राजधानी

ब्राझीलच्या मधोमध गोयास नावाचं राज्य आहे आणि त्याच नावाचं एक छोटं गावही आहे, जेमतेम २४-२५ हजार वस्तीचं. राज्याची आताची राजधानी गोयानिया, तिथून हे गाव साधारण १४० किलोमीटर. वाटेत कुरणांमध्ये पांढरी, वशिंडवाली गुरं चरताना दिसतात, ती मूळची आपल्याकडचीच, आंध्रातल्या ओंगोल जातीची, तिकडे त्यांना नेलोरे म्हणतात. गावात ओबडधोबड दगडांचे रस्ते, पांढऱ्या बुटक्या घरांना रंगीत खिडक्या, मधून वाहणारी व्हर्मेल्यो नदी, आणि दुपारी सगळं सामसूम. फोटो बघून वाटतं की हे गाव पहिल्यापासून असंच निवांत असणार, पण तसं अजिबात नाहीये.

सुरुवात सोन्याची. साओ पाउलोकडून आत घुसणाऱ्या टोळ्या होत्या, बांदेइरांत म्हणायचे त्यांना, काम काय तर सोनं शोधायचं आणि आदिवासींना पकडून गुलाम करायचं. त्यातल्या बार्तोलोमेऊ बुएनोबद्दल अशी दंतकथा आहे की त्याने थाळीत दारू ओतून पेटवली आणि आदिवासींना धमकी दिली की सोनं कुठंय ते दाखवा नाहीतर तुमच्या नद्या अशाच पेटवतो, म्हणून त्याचं नाव पडलं आन्यांग्वेरा, म्हणजे जुना सैतान. त्याच्याच मुलाने १७२७ मध्ये हे गाव वसवलं. पुढे त्याला विला बोआ म्हणायला लागले, सोन्याचा पाचवा हिस्सा पोर्तुगालच्या राजाला जायचा आणि खाणीत राबायचे ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. आजचं म्युझियम म्हणजे त्या काळचं तुरुंग आणि कचेरी, एकाच इमारतीत दोन्ही.

अठराव्या शतकाच्या शेवटी सोनं आटलं. लोक गुराढोरांवर आणि शेतीवर आले. पण राजधानीचा मान होता, त्यामुळे गाव तगून राहिलं.

खरा घाव बसला तो १९३७ मध्ये. ब्राझीलमध्ये १९३० च्या क्रांतीनंतर गेतुलिओ वार्गास देशाच्या सत्तेवर आला आणि त्याने पेद्रो लुदोविकोला राज्याचा कारभारी नेमलं, तो स्वतः डॉक्टर आणि जन्म याच गावातला! त्याचं म्हणणं, गाव डोंगरांमध्ये अडकलंय, रोगट आहे, वाढायला जागा नाही, तेव्हा नवीन शहरच बांधू. यात तथ्य होतं, नाही असं नाही, पण इथे वर्षानुवर्षं सत्ता कायादो घराण्याच्या हातात होती आणि लुदोविको त्यांचा कट्टर विरोधक, त्यामुळे राजधानी हलवली की त्यांची गढीच ढासळणार हे उघड होतं. माझ्या मते तेच मुख्य कारण. १९३३ मध्ये गोयानियाची पायाभरणी झाली, चार वर्षांत सरकार तिकडे गेलं, मागोमाग कारकून, वकील, दुकानदार गेले. नवीन काही बांधायला इथे पैसाच उरला नाही, म्हणून जुनी घरं जशीच्या तशी राहिली. आपण ज्याला हेरिटेज म्हणतो ते असं उरलंय.

नदीच्या पुलालगतच कोरा कोरालिनाचं घर आहे. ती १९११ मध्ये गाव सोडून गेली, १९५६ मध्ये परत आली, फळांच्या मिठाया करून विकायची आणि कविता लिहायची, पहिलं पुस्तक आलं १९६५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत. गावातल्या बोळांवर, धुणं धुणाऱ्या बायकांवर लिहिलंय तिने. २००१ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारसा ठरवलं आणि पंधरा-वीस दिवसांत, ३१ डिसेंबरला, नदीला पूर आला, गावातला आन्यांग्वेराच्या नावाचा क्रूस वाहून गेला, कोराच्या घरात पाणी शिरलं. नशीब बघा. नंतर सगळं दुरुस्त केलं म्हणा.

गर्दी बघायची असेल तर ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात जा. बुधवारी मध्यरात्री रस्त्यावरचे दिवे घालवतात आणि टोकदार टोप्यांनी तोंड झाकलेले चाळीस जण मशाली घेऊन अनवाणी धावतात, ढोल वाजत असतात. ख्रिस्ताला पकडायला निघालेले शिपाई आहेत ते. टोप्या बघून बाहेरच्यांना अमेरिकेतली कू क्लक्स क्लॅन ही वर्णद्वेषी टोळी आठवते, पण याचा तिच्याशी काही संबंध नाही, स्पेन-पोर्तुगालमधल्या प्रायश्चित्ताच्या मिरवणुकांमधून आलेला वेष आहे तो.

आणि जुलैत दरवर्षी राजधानी माहेरपणाला येते. २५ जुलैच्या सुमारास थोडे दिवस गोयास पुन्हा अधिकृत राजधानी, गव्हर्नर जुन्या राजवाड्यात बसून कामकाज बघतो, भाषणं होतात, आणि मग सगळ्या गाड्या परत गोयानियाच्या रस्त्याला लागतात.