स्वस्त टॉमहॉक आणि त्या स्क्रूचं प्रकरण: पार्श्वभूमी

टॉमहॉक म्हणजे एका हाताने चालवायची छोटी कुऱ्हाड. तिचा जुना इतिहास थोडक्यात. सतराव्या शतकापासून युरोपीय व्यापारी उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना कातड्यांच्या बदल्यात लोखंडी पाती द्यायचे, आणि दांडा त्यात वरून घालायचे, आपल्या टिकावासारखा. दांड्याचं वरचं टोक जाड, म्हणून जितकं फिरवाल तितकं पातं घट्ट बसतं, पाचर लागत नाही, आणि दांडा मोडला तर ठोकून काढा, दुसरा घाला.

व्हिएतनाम युद्धात, १९६६ ते १९७० मध्ये, एका माजी सैनिकाने नवीन डिझाइन काढून जवानांना विकलं, मग ते बंद पडलं. २००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या अमेरिकन सैनिकांमुळे पुन्हा क्रेझ आली, पण ती हत्यारं महाग. सामान्य माणसाच्या हाती आलं ते तैवानमध्ये बनलेलं १०५५ ग्रेडच्या कार्बन स्टीलचं पातं, वर काळा रंग, हिकरी नावाच्या चिवट लाकडाचा दांडा आणि बाजूला एक छोटा स्क्रू.

सगळे वाद या स्क्रूवरच. कारखान्याचं गणित सरळ आहे, प्रत्येक दांडा हाताने घासून बसवत बसलं तर स्वस्त कसं विकणार, म्हणून पातं सैल बसलं तरी स्क्रू पिळायचा की दुकानात तरी निसटत नाही. काही जण म्हणतात असू दे, काय बिघडलं. मला नाही पटत. स्क्रूचं टोक लाकडात रुततं, निशाणावर फेकाफेकी करताना तिथूनच तडा जातो, आणि दांडा मोडला की आत अडकलेला तुकडा काढताना तोच स्क्रू नडतो. शेकडो वर्षं ज्याची गरज पडली नाही ते आणलं कशाला?

म्हणून पातं दुरुस्त करणारे पहिल्यांदा स्क्रू काढतात. रंग व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून किंवा पेंट रिमूव्हरने जातो, व्हिनेगर वापरलं तर नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन तेल लावायचं, नाहीतर लगेच गंज. भोकाच्या आतली खरखर गोल कानशीने काढायची, मग आत पेन्सिल फासून दांडा घालायचा, लाकडावर जिथे काळं उमटेल तेवढंच घासायचं, परत घालून बघायचं. घाईने सगळीकडून घासलं की पातं खाली सरकतं आणि दांडा वाया.

दांड्यावरचं चकचकीत वॉर्निश खरवडून जवसाचं तेल पाजतात. त्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात, बाहेर पसरून वाळू द्या.