ट्राउटसाठी फ्लायची निवड

पिसे, केस, लोकर आणि दोरा गळावर गुंडाळून बनवलेला नकली कीटक म्हणजे फ्लाय. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी कोणती फ्लाय कधी बांधायची, याचे ठोकताळे या नोंदीत नवशिक्याच्या बाजूने पाहिले आहेत. ‘माशासाठी माशी’ असे मराठी करता येईल, पण ते कानाला थट्टेचे वाटते. म्हणून फ्लाय हाच शब्द ठेवला आहे. फ्लायचे नमुने हजारोंनी आहेत, आणि कप्प्याकप्प्यांची पेटी समोर उघडली की नवखा माणूस हमखास रंगाला भुलतो. निवडीचा खरा क्रम उलटा आहे. आधी खोली, मग आकारमान, मग ठेवण, आणि रंग सगळ्यांत शेवटी.

कोकणात गरीला गांडूळ किंवा कोळंबी लावतात, तेव्हा अर्धे काम वास आणि चव करतात. फ्लायला दोन्ही नाही. ट्राउट ती तोंडात घेतो आणि फसगत कळताच क्षणात थुंकून टाकतो. म्हणजे भुलवायचे ते त्याच्या डोळ्यांना, आणि तेही पाण्याच्या ओघात, एक-दोन सेकंदांपुरते. शिवाय फ्लायला वजन जवळजवळ नसतेच. ती लांब जाते ती जाड, वजनदार दोरीच्या जोरावर. दोरीपुढे निमुळता होत गेलेला पारदर्शक धागा असतो. त्याच्या टोकाच्या बारीक तुकड्याला टिपेट म्हणतात आणि फ्लाय त्याला बांधतात.

भारतात ट्राउट मूळचा नाही. ब्राउन ट्राउटची अंडी १९०० च्या सुमारास ब्रिटनहून काश्मीरला आली आणि तिथून हा मासा पुढे हिमाचलात कुलूकडे पोचला. रेनबो ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचा. निलगिरीच्या ओढ्यांत तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोडला गेला. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले की ट्राउटची भूक मंदावते, त्यामुळे सह्याद्रीच्या नद्यांत तो टिकत नाही. त्याचे खाद्य असलेले कीटक मात्र आपल्याकडच्या ओढ्यांतही आहेत. दगड उलटून बघण्याचा सराव भोर-वेल्ह्याच्या एखाद्या वाहत्या ओढ्यातही करता येतो.

कीटक : ट्राउटचे बहुतेक खाणे पाण्याखाली होते. कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीत गुडघाभर पाण्यात उभे राहून तळाचा नारळाएवढा दगड उचलावा आणि त्याची खालची बाजू पाहावी. चपटी, दगडाला पोटाने चिकटलेली, हात लागताच आडवी सरकणारी पिल्ले दिसतात. पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले आणि मागे दोन-तीन लांब शेपट्या असतील, तर ते मेफ्लाय या खऱ्या कीटकाचे पिल्लू. शेपट्या नेमक्या दोन, अंग जाडसर आणि पोटाच्या कडा मोकळ्या असतील, तर स्टोनफ्लायचे. वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेली बारीक नळी दगडाला डकवलेली दिसली, तर आत कॅडिसची अळी आहे. यांचे आयुष्यही वेगवेगळे. कॅडिस फुलपाखराप्रमाणे अळी, कोष आणि प्रौढ अशा टप्प्यांतून जाते. मेफ्लाय कोष करत नाही. पिल्लू पृष्ठभागाशी येऊन कात टाकते, पंख फुटतात आणि पंख आल्यावर ती पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यावर कात टाकणारा दुसरा कीटकगट आज नाही. स्टोनफ्लाय सरपटत काठच्या दगडावर चढते आणि तिथे रिकामी कात सोडून जाते. अशा काती दगडांवर वाळलेल्या दिसल्या, तर पेटी न उघडताच अर्धी निवड झाली.

पाण्यावरचे वलयही वाचता येते. मासा वर आला आणि मागे बुडबुडा राहिला, तर त्याने तरंगता कीटक हवेसकट गिळला. नुसती पाठ किंवा शेपटी चमकली आणि बुडबुडा नाही, तर तो पृष्ठभागाच्या जरा खाली, वर येऊ पाहणारी पिल्ले टिपतो आहे. या दुसऱ्या वेळी तरंगती फ्लाय कितीही सुबक असली तरी तिच्याकडे ढुंकून पाहिले जात नाही. वलयच नसेल तर तळाशी जावे.

क्रमांक : गळाचा क्रमांक वाढला की गळ लहान होतो, हे नवशिक्याच्या डोक्यात पहिल्या दिवशी बसत नाही. १० मोठा, १६ छोटा. मधले बहुधा सम आकडेच येतात. १२, १४ आणि १६ एवढ्यावर सुरुवात भागते. टिपेटची जाडीही उलटीच मोजतात. ४ एक्सचा व्यास सुमारे ०.१८ मिलिमीटर, ५ एक्सचा ०.१५. गळाच्या क्रमांकाला तीनने भागले की टिपेटचा आकडा ढोबळमानाने मिळतो; १४ च्या फ्लायला ५ एक्स. जाड टिपेटवर बारीक फ्लाय बांधली की ती काठीला बांधल्यासारखी ताठ चालते.

मोजके नमुने : तरंगत्या फ्लायमध्ये पहिला मान अ‍ॅडम्सचा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात लेनर्ड हॅलाडे याने १९२२ मध्ये ती बांधली. राखाडी लोकरीचे अंग आणि त्याभोवती तपकिरी व करड्या पट्ट्यांची, कोंबड्याच्या मानेची पिसे एकत्र गुंडाळलेली. ती कुठल्याच एका कीटकाची हुबेहूब नक्कल नाही, आणि तेच तिचे बळ. मेफ्लायपासून डासासारख्या चिलटापर्यंत कशातही ती खपते. पांढऱ्या उभ्या झुपक्याचा ‘पॅराशूट’ प्रकार घ्यावा, कारण फेसाळ पाण्यात निदान आपल्याला तरी तो दिसतो. दुसरी एल्क हेअर कॅडिस. एल्क या हरणाच्या केसांत हवा असल्याने ती उसळत्या पाण्यातही पुन्हा वर येते. हिमालयातल्या उताराच्या नद्यांना याहून सोयीची फ्लाय नाही.

बुडत्या फ्लायमध्ये फेझंट टेल निम्फ. निम्फ म्हणजे कीटकाच्या पाण्याखालच्या पिल्लाची नक्कल. इंग्लंडच्या एव्हन नदीवर राखणदारी करणाऱ्या फ्रँक सॉयरने ती बसवली. दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू, बस. तारच बांधते, तारच बुडवते. सोबत सशाच्या केसांची, जरा विस्कटलेली हेअर्स इअर घ्यावी. ती विस्कटलेलीच असावी, गुळगुळीत झाली की बिघडली. दोन्ही डोक्याशी पितळी किंवा टंगस्टनचा मणी असलेल्या घ्याव्यात. पाचवी वूली बगर, पिसांची लांब शेपटी हलवणारी. ती जळू, छोटा मासा किंवा मोठी अळी यांपैकी माशाला जे वाटेल ते होते.

एवढ्यावर का भागते, याचे कारण पाण्याच्या वेगात आहे. दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या नद्या संथ आणि काचेसारख्या असतात. तिथला ट्राउट फ्लाय निरखून मग नाकारतो, म्हणूनच तरंगती फ्लाय हाच खरा धर्म मानणारा हॅलफर्ड आणि निम्फची बाजू घेणारा स्क्यूज यांच्या भूमिकांवर तिथे मोठा वाद माजला. १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चा झाली. तीर्थन किंवा काश्मीरमधल्या लिद्दर नदीच्या धावत्या पाण्यात माशाला एवढी चैन परवडत नाही. आकारमान बरोबर आणि खोली बरोबर असेल, तर तो झडप घालतो.

हंगाम : हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते; एरवी मत्स्यविभागाचा परवाना लागतो. मार्च-एप्रिलात पाणी स्वच्छ पण बोचरे थंड. अशा वेळी दुपारच्या उन्हात, तळाशी, १६ ची निम्फ. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी दुधाळ होते, तेव्हा १० ची वूली बगर काठालगतच्या शांत पाण्यातून ओढावी. पावसाळ्याच्या लोंढ्यात गळ टाकण्यात अर्थ नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर हा तरंगत्या फ्लायचा काळ; काठच्या गवतातले नाकतोडे आणि मुंग्या पाण्यात पडतात, आणि संध्याकाळी कॅडिस उडते.

नेहमीची चूक : मासा लागला नाही की नवशिका फ्लाय बदलतो. बहुतेक वेळा दोष फ्लायचा नसतो. दोरी वेगवान धारेत सापडून फ्लायला फरफटत नेते आणि तरंगत्या फ्लायमागे बारीक रेघ उठते. खरा कीटक अशी रेघ काढत नाही. निम्फच्या बाबतीत ती पुरेशी खोल गेलेली नसते. अधूनमधून तळाला टेकल्याचा ठोका जाणवला पाहिजे. दिवसभरात एकही निम्फ दगडात अडकून तुटली नाही, तर ती वरून वरूनच फिरली असे समजावे. म्हणून निम्फ दुप्पट घ्याव्यात. एल्क हेअर कॅडिसच्या गळाला हात-दीड हात टिपेट बांधून खाली निम्फ सोडली, तर दोन्ही खोल्या एकदम चाचपता येतात. वरची फ्लाय थबकली किंवा बुडाली की काठी उचलावी.

गळाच्या टोकामागचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करावा. मासा सोडून देताना जखम कमी होते, आणि फेकताना गळ स्वतःच्या कानात रुतला तर तोही सहज निघतो. घरी आल्यावर पेटी उघडी ठेवून फ्लाय वाळवाव्यात, नाहीतर गळ गंजून पिसे गळतात.