नऊ विजय म्हणजे अपयश? अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला जुना गैरसमज

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये (अंडाकृती चेंडूचा खेळ, आपला फुटबॉल नव्हे) एक समज घट्ट बसलाय: संघ नावाजलेला, तिजोरी भरलेली, तर मोसमात नऊ विजय कमीच, प्रशिक्षक बदला, विजेतेपद येईल.

आधी हिशेब. नियमित मोसमात 12 सामने. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता 85 टक्के धरली, जी उदारच आहे, तरी बाराच्या बारा जिंकण्याची शक्यता जेमतेम 14 टक्के. सात वर्षांतून एकदा. सरासरी पडते दहा विजयांची. प्रशिक्षक निक सेबन यांच्या हाताखाली अलाबामा विद्यापीठाच्या संघाच्या सुवर्णकाळातही 17 मोसमांत विजेतेपदे सहाच.

नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाचं उदाहरण जास्त बोलकं. प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांनी 1973 ते 1997 एकाही मोसमात नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत, तरी पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं 1994 मध्ये, बाविसाव्या मोसमात! त्यांच्या जागी आलेल्या फ्रँक सोलिच यांना 2003 मध्ये 9 विजय, 3 पराभव असताना नारळ मिळाला. नव्या प्रशिक्षकाने पासिंगचा (चेंडू हवेतून फेकण्याचा) खेळ आणला; हाताशी खेळाडू मात्र चेंडू घेऊन धावण्यासाठी निवडलेले. 2004 चा निकाल 5-6, म्हणजे 1961 नंतर पहिल्यांदाच विजयांपेक्षा पराभव जास्त. 2014 मध्ये नऊ विजयांवरच तेव्हाचे प्रशिक्षक बो पेलिनीही गेले. पुढे 2017 ते 2023 एकही बाउल सामना (चांगल्या संघांना मोसमाअखेरी मिळणारा मानाचा सामना) नाही.

बड्या संघाकडून दहा वर्षांत रास्त अपेक्षा काय? बहुतेक मोसमांत आठ ते दहा विजय, दोन-तीनदा प्लेऑफ (राष्ट्रीय विजेता ठरवणारी बाद फेरी; 2024 पासून तिथे 12 संघ असतात), एखादं पडेल वर्ष. विजेतेपद मिळालं तर बोनस.