'सारे बरे होईल' : गायनवृंदांच्या एका ओळीची पार्श्वभूमी

गंभीर आजारातून उठलेल्यांसाठी वृंदगान बसवायचे ठरले की 'सारे बरे होईल' ही इंग्रजी ओळ फार लांब राहत नाही. मुळातला इंग्रजी शब्द 'वेल' (well). आज त्याचा अर्थ ठीकठाक असाही होतो आणि तब्येतीने ठणठणीत असाही. मराठीतले 'बरे' तसेच दुहेरी. घोळ इथूनच सुरू होतो.

मे 1373 मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विच इथे तिशीतली एक स्त्री मरणाच्या दारात होती. धर्मगुरूने तिच्या डोळ्यांसमोर क्रूस धरला, तिला सोळा दर्शने झाली आणि ती वाचली. त्यांचा अर्थ लावण्यात तिची पुढची जवळपास वीस वर्षे गेली. तिच्या लेखनातली ही ओळ मात्र आजाराबद्दल नाहीच. देवाने पाप आधीच का रोखले नाही, या तिच्या कोड्याला ख्रिस्ताकडून मिळालेले ते उत्तर आहे, आणि त्याची सुरुवात पापाच्या अपरिहार्यतेपासून होते. शिवाय मजकूर गद्य आहे. 1942 मध्ये एका नामवंत कवीने ती ओळ आपल्या दीर्घ कवितेच्या शेवटाकडे घेतली आणि तिला कवितेचे रूप मिळाले.

संहितेत पापाचा उल्लेख ठेवायचा की गाळायचा, हा खरा वादाचा मुद्दा. गाळणाऱ्यांची अडचण समजते. रुग्णांसमोर पापाचे नाव घेतले की आजार ही शिक्षाच, असे ऐकू येते. पण गाळल्यावर उरते ती नुसती समजूत, आणि समजूत घालणारे संगीत लवकर गुळचट होते.

जुन्या काळात उलटच होते, आजारातून उठलेल्यांच्या गाण्यांत मरण आणि पाप टाळले जात नसे. आजारातून उठलेल्या राजाचे बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथातले स्तोत्र लॅटिन विधीत चक्क मृतांसाठी गायले जाई. 1623 च्या अखेरीस लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचे डीन, म्हणजे तिथले प्रमुख धर्मगुरू, तापाने अंथरुणाला खिळले. ते कवी होते. तेव्हा लिहिलेल्या स्तोत्राला त्यांनी पुढे चाल लावून घेतली आणि संध्याकाळच्या उपासनेत ते कॅथीड्रलच्या गायकांकडून वारंवार ऐकले, असे त्यांच्या पहिल्या चरित्रात आहे. आजारपणात लाभलेला आनंद ते ऐकताना परत येई म्हणे. स्तोत्रात तापाचे नावही नाही, आहे ती सगळी पापांच्या क्षमेची याचना.

10 मार्च 2020 ला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका वृंदाची अडीच तासांची तालीम झाली. हजर 61 जणांपैकी 53 जणांना कोविड झाला किंवा झाल्याचे धरले गेले, दोघे दगावले. गाण्यानेच आजार पसरतो म्हटल्यावर ठिकठिकाणचे वृंद बंद पडले. गायकांनी घरी बसून आपापला सूर ध्वनिमुद्रित केला आणि ते तुकडे नंतर जोडले गेले. पुढे अनेक ठिकाणी तालमी सुरू झाल्या त्या मास्क लावून, लांब लांब उभे राहून. शेजारच्याचा आवाज कानावर आल्याशिवाय वृंदाचा सूर जुळत नाही, आणि नेमका तोच आवाज आता दूर गेला होता.